शेडनेटखाली टोमॅटो नुसता वाढायलाय, फळ का धरंना?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये टोमॅटो लावला, वर 75 टक्क्याची हिरवी नेट टाकली, दर आठ दिवसाला ड्रिपमधून युरिया सोडता, झाडं छातीला लागली पण फळं मोजून चार, त्यांचंही बूड काळं पडायलंय, तर खत कोणतं वाढवू. वाढवू नका. सावली अन् युरियातलं नत्र (नायट्रोजन) दोन्ही मिळून झाडाला पाल्याकडंच ओढायलेत.

मी बीडकडचा, हाच घोळ करून बसलेलो. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 गाठतो, टोमॅटोचं तर 35 च्या वर गेलं की परागकण नीट काम करत नाहीत अन् फुलं गळतात, म्हणून सावली पाहिजेच. पण 75 ची नेट म्हणजे उजेडाचा पाव हिस्साच आत येतो, तेवढ्यात पानं साखर तयार करणार किती अन् फळाच्या वाट्याला येणार किती? झाड उजेड शोधत वर पळतं, पेरं लांबतात, खोड बारीक राहतं, अन् त्यात युरिया पडला की मग विचारूच नका. 35 टक्क्याची नेट बास, लई तर 50 ची. जूनमध्ये आभाळ यायला लागलं की गुंडाळून ठेवा, मी कंटाळा केला होता तर आत दमट होऊन करप्यानं अर्धा प्लॉट नेला.

खताचं म्हणाल तर संकरित वाणाला हेक्टरी 300 किलो नत्र, 150 स्फुरद (फॉस्फरस), 150 पालाश (पोटॅश) अशी शिफारस आहे, पण नत्र हप्त्याहप्त्यानं. तुम्ही युरिया सध्या बंदच करा, फुलोऱ्यात 00:52:34 अन् फळं सुपारीएवढी झाली की 13:00:45 ही पाण्यात विरघळणारी खतं सोडा (आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के), तेही बेतानं, कारण पालाश जास्त झालं की झाडाला कॅल्शियम उचलता येत नाही.

आता बुडाचं, ते काळं पडतं फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून. दुकानदार लगेच कॅल्शियमची बाटली हातात देतो, पण आपल्या काळ्या रानात चुना, म्हणजे कॅल्शियमच, कमी नसतो हो, अडचण पाण्याची असते! कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं, अन् आपण लाईट येईल तसं पाणी देणार, तीन दिवस कोरडं ठेवून चौथ्या दिवशी तुंबवणार. रोज थोडं थोडं द्या, मल्चिंग नसलं तर सोयाबीनचा भुसा तरी अंथरा. तरी कॅल्शियम नायट्रेट सोडायचंच असेल तर वेगळ्या दिवशी, स्फुरदाच्या किंवा सल्फेटच्या खताबरोबर एका टाकीत कालवलं की खाली चुन्यासारखा गाळ बसतो अन् ड्रिपर चोक होतात. माझ्या दोन लॅटरल (ड्रिपच्या नळ्या) अशाच गेल्या.

नेट भर दुपारी एकदम ओढू नका, सावलीतलं फळ उन्हानं भाजून पांढरे चट्टे पडतात, आधी सकाळ-संध्याकाळ उघडी ठेवत जा. अन् नेट किती उंचीवर बांधलीय तेवढं कळवा, ठेंगणी असेल तर आत वाफ कोंडत असणार.