हिरवा प्रॉम्प्ट, चढणारी ओळ

प्रश्न : टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्राम म्हणजे बॅश; त्याचा प्रॉम्प्ट (कमांडच्या आधी दिसणारा मजकूर) हिरवा केला. आता लांब कमांड लिहिली की अक्षरं खाली न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीवर चढतात. काय करू? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : रंगाचे कोड उघडे ठेवलेत! ते पडद्यावर दिसत नाहीत, पण बॅश त्यांचीही अक्षरं मोजतं आणि ओळ कुठे संपते याचा हिशेब बिघडतो. ‘पीएस१’मध्ये, म्हणजे प्रॉम्प्ट कसा दिसावा हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, प्रत्येक रंगकोडाआधी उलटी तिरकी रेघ आणि उघडणारा चौकोनी कंस, नंतर तशीच रेघ आणि बंद होणारा कंस. रंग पुसणाऱ्या शून्याच्या कोडालाही तेच.

आणि प्रॉम्प्टमध्ये फोल्डरचा अख्खा मार्ग कशाला? सदाशिव पेठेतल्या पत्त्यासारखा लांबतो नुसता. ‘पीएस१’मध्ये उलट्या तिरक्या रेघेनंतर लहान डब्ल्यूऐवजी मोठा लिहा, शेवटचंच नाव दिसेल. आधी टर्मिनलमध्ये चालवून बघा. जमलं तरच बॅश सुरू होताना वाचतं त्या बॅशआरसी फाइलीत टाका.