नेरुळच्या हॉस्टेलवर एकटं वाटतंय ना? मग हे वाच

परभणीहून मी नेरुळला शिकायला आले तेव्हा पहिले दोन महिने मेसमध्ये मान खाली घालून जेवले. त्यामुळे ‘सगळ्यांचे ग्रुप झालेत, मीच उरले’ हे तुझं बोलणं मला आतून कळतं. पण हे ग्रुप बहुतेकदा पहिल्या आठवड्यात शेजारी बसलेल्यांचे असतात. पहिली परीक्षा होईपर्यंत त्यातले बरेच विस्कटतात. तुला उशीर झालेला नाही.

एक मात्र याच आठवड्यात कर: एनएसएसला, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव दे. वर्षाला १२० तास समाजसेवा, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. तिथे बोलायला विषय शोधावा लागत नाही. कांदे चिरताना, झाडू मारताना बोलणं आपसूक निघतं. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मला शिबिराच्या स्वयंपाकातच भेटली. ती ठाण्याची, अजूनही आम्ही रविवारी तलावपाळीवर भेटतो.

ट्रान्स-हार्बर लोकलने ये-जा करणाऱ्या मुलींबरोबर संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालत जा. ‘चहा घेतेस का?’ हे आधी तूच विचार. नाही म्हणाली, तर तिला गाडी पकडायची असेल एवढंच समज आणि दोन दिवसांनी पुन्हा विचार.

दर सुट्टीला गावी पळू नकोस. आईला वाईट वाटेल, पण हॉस्टेलवरची मैत्री सुट्टीच्या दिवशीच मुरते.

आणि झोप उडाली, रडू थांबेना, तर वाट बघत बसू नकोस. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मलाही फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी.