पीएचपी टाकताना अपाचे कुठून येतो? नको असलेल्या पॅकेजचा माग कसा काढावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेबियन १२ (लिनक्स) च्या सर्व्हरवर एन्जिनएक्स हा वेबसर्व्हर नीट चालू होता, पॅकेज बसवणाऱ्या ॲप्टला ‘ॲप्ट इन्स्टॉल पीएचपी’ सांगितलं तर सोबत अपाचे हा दुसरा वेबसर्व्हर अख्खा उतरला, आणि ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ लावूनही तो थांबला नाही. त्याला कोण आणतंय हे कसं शोधायचं आणि आता काढायचा कसा? (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच द्या.)

अपाचेला आणतंय ‘पीएचपी८.२’ हे पॅकेज. तुम्ही मागितलेलं ‘पीएचपी’ हे नुसतं मेटापॅकेज आहे, ते ‘पीएचपी८.२’कडे बोट दाखवून मोकळं होतं. आणि ‘पीएचपी८.२’च्या डिपेंड्समध्ये, म्हणजे त्याला लागणाऱ्याच पॅकेजच्या यादीत, तीन नावं उभ्या रेघेने जोडलेली आहेत: ‘लिबअपाचे२-मॉड-पीएचपी८.२ | पीएचपी८.२-एफपीएम | पीएचपी८.२-सीजीआय’. तिघांपैकी एक मशीनवर असलं की अट पुरी झाली. एकही नसेल तर ॲप्ट सहसा पहिलं नाव उचलतं. ते आहे अपाचेचं मॉड्यूल, आणि मॉड्यूलला अपाचे लागणारच. तुमच्याकडे एन्जिनएक्स आहे, हे ॲप्ट या ठिकाणी विचारातच घेत नाही.

म्हणूनच ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ लावूनही उपयोग झाला नाही. त्याने फक्त रेकमेंड्स, म्हणजे शिफारस केलेली पण सक्तीची नसलेली पॅकेजं, वगळले जातात, आणि इथे मामला डिपेंड्सचा आहे. माग काढताना हा फरक सगळ्यात आधी बघावा असं माझं ठाम मत आहे, कारण पुढचा उपाय त्यावरच ठरतो. नको असलेलं पॅकेज रेकमेंड्समधून आलं असेल तर सरळ नाकारता येतं. डिपेंड्समधून आलं असेल तर उभी रेघ आहे का ते पाहायचं. असेल तर आपल्याला हवा तो पर्याय आपणच नाव घेऊन मागायचा. रेघही नसेल, तर मात्र ते पॅकेज ठेवा किंवा मूळ सॉफ्टवेअरचाच नाद सोडा.

हे शोधायला माझी पहिली पसंती ‘ॲप्टिट्यूड व्हाय अपाचे२’ला. ॲप्टिट्यूड वेगळं टाकावं लागतं, पण त्यासाठी ते टाकण्यासारखं आहे. तुम्ही स्वतः मागितलेल्या पॅकेजपासून अपाचेपर्यंतची साखळी ते एकाखाली एक दाखवतं, आणि प्रत्येक कडी डिपेंड्स आहे की रेकमेंड्स, हेही सांगतं. ओळीच्या सुरुवातीला ‘ए’ दिसला तर ते पॅकेज आपोआप आलेलं. ॲप्टिट्यूड नको असेल तर ‘ॲप्ट-कॅश आरडिपेंड्स --इन्स्टॉल्ड अपाचे२’ चालेल, पण ते एकच पायरी मागे जातं. पुढे एकेक नाव घेऊन तुम्हालाच चढत जावं लागतं.

पॅकेज बऱ्याच दिवसांपूर्वी आलं असेल तर ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’ उघडा. कोणत्या तारखेला कोणती कमांड दिली आणि तिच्यासोबत काय काय उतरलं, ते तिथे नोंदलेलं असतं; न मागता आलेल्या पॅकेजपुढे ‘ऑटोमॅटिक’ असा शिक्काही असतो. जुन्या फाइली त्याच फोल्डरमध्ये दाबून ठेवलेल्या असतात, त्या ‘झेडग्रेप’ने चाळता येतात. या फाइलकडे फार कमी लोक वळतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच लिहिलेली असतात.

आणि टाकण्याआधीच बघायचं असेल तर ‘ॲप्ट-गेट -एस इन्स्टॉल पीएचपी’. यात काहीच बसवलं जात नाही, नुसती तालीम होते, रूट (म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता) होण्याचीही गरज नाही. त्याला ‘-ओ डीबग::पीकेजीडेपकॅश::ऑटोइन्स्टॉल=१’ जोडलंत तर कोणतं पॅकेज कोणाच्या सांगण्यावरून आत घेतलं जातंय ते ओळीओळीने छापून येतं.

आता तुमच्या सर्व्हरचं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘ॲप्ट इन्स्टॉल पीएचपी-एफपीएम’ करा, म्हणजे ती तीन पर्यायांची अट एफपीएमने (एन्जिनएक्ससाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेने) पुरी होईल. मग ‘ॲप्ट पर्ज अपाचे२ लिबअपाचे२-मॉड-पीएचपी८.२’ आणि शेवटी ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’. दोन्ही वेळा होकार देण्याआधी काय काढलं जाणार त्याची यादी पूर्ण वाचा. उलट्या क्रमाने गेलात तर ॲप्ट अट भागवायला न मागितलेला दुसरा पर्याय आणून बसवू शकतं, किंवा पीएचपीच काढायला निघू शकतं. ॲप्टच्या खाली काम करणाऱ्या ‘डीपीकेजी’ला ‘--फोर्स-डिपेंड्स’ देऊन अपाचे उपटायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. अट तुटलेलीच राहते, पुढचं प्रत्येक इन्स्टॉल अडतं, आणि ‘--फिक्स-ब्रोकन’ चालवलंत की अपाचे परत हजर होऊ शकतो.

रेकमेंड्स कायमचे बंद करावेत का, असंही तुम्ही विचारलंय. करता येतात: ‘/ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी’मध्ये एक फाइल करून ‘ॲप्ट::इन्स्टॉल-रेकमेंड्स "फॉल्स";’ लिहायचं. पण २००९ मध्ये आलेल्या डेबियन ५ पासून रेकमेंड्स आपोआप येतात, आणि पॅकेज बांधणारे तेच गृहीत धरून चालतात. फाइली उतरवणाऱ्या ‘डब्ल्यूगेट’चंच बघा: त्याला ‘सीए-सर्टिफिकेट्स’ (साइटची प्रमाणपत्रं पडताळायला लागणारं पॅकेज) फक्त रेकमेंड केलेलं आहे. नव्या, किमान इन्स्टॉलवर ते राहून गेलं की एचटीटीपीएसची प्रत्येक लिंक प्रमाणपत्राच्या तक्रारीवर अडते, आणि दोष मात्र लोक नेटवर्कला देत बसतात. बंद करणार असाल तर वगळलेल्या नावांची यादी ॲप्ट दाखवतं, त्यातलं हवं ते हाताने मागून घ्या.

अपाचे काढून झाला की ‘एसएस -एलटीएनपी’ने ८० क्रमांकाचा पोर्ट (वेबसाइटचा नेहमीचा) कोणाकडे आहे ते पाहा, आणि शक्य असेल तर सर्व्हर एकदा रीबूट करून पुन्हा पाहा. चालू एन्जिनएक्सपुढे अपाचेला पोर्ट मिळत नाही, म्हणून तो उतरला तरी साइट चालूच राहते. रीबूटनंतर मात्र तो आधी उठला तर पोर्ट त्याच्याकडे जातो आणि एन्जिनएक्स सुरूच होत नाही.