वाचकांचे प्रश्न : पुढून एक, मागून अनेक

प्रश्न : नेरुळमधील आमच्या रो-हाऊसच्या रांगेत प्रत्येकाने दर्शनी भाग आपल्या आवडीप्रमाणे बदलून घेतला आहे. इंग्लंडमधील बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंटची घरे मात्र अजूनही एकसारखी दिसतात. ती सर्व एकाच मालकाने बांधली होती का? आजच्या रहिवाशांना त्यांत बदल करता येतो का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : तेथील ३० घरे अनेकांनी बांधून घेतली, एकसारखी आहे ती त्यांची दर्शनी बाजू. जॉन वुड (धाकटे) या वास्तुरचनाकारांच्या आराखड्यानुसार १७६७ मध्ये काम सुरू झाले. तळमजला अगदी साधा ठेवून वरच्या दोन मजल्यांना कवेत घेणारे ११४ आयोनिक स्तंभ (माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेले ग्रीक शैलीचे खांब) त्यांनी सुमारे दीडशे मीटर लांबीच्या अर्धलंबवर्तुळाकार वळणावर ओळीने योजले. घर घेणाऱ्याने या दर्शनी भिंतीचा आपल्या वाट्याचा तुकडा ठरल्याप्रमाणेच उभारायचा, त्यामागे मात्र आपला वास्तुरचनाकार नेमून हवे तसे घर बांधायचे, अशी ती व्यवस्था होती.

म्हणून ही रांग मागच्या बाजूने अवश्य पाहावी. तिथे छपरांची उंची जुळत नाही, खिडक्या एका रेषेत येत नाहीत, भिंती कुठे पुढे तर कुठे मागे आहेत. कोणाला किती खोल्या हव्या होत्या, याचा अंदाज तिथेच येतो. माझ्या मते वुड यांचे मोठेपण स्तंभांइतकेच या मोकळिकीतही आहे, कारण रस्त्याची शोभा सर्वांची आणि घराची सोय ज्याची त्याची, हा भेद त्यांनी बांधकाम सुरू होण्यापूर्वीच ठरवून टाकला होता. दगड मात्र सर्वत्र त्याच परिसरातला, मधाच्या रंगाचा चुनखडक आहे.

आता दुसरा प्रश्न. ही रांग संरक्षित वास्तूंच्या सर्वोच्च श्रेणीत मोडते, त्यामुळे परवानगीशिवाय तिचे स्वरूप बदलता येत नाही. तरीही १९७० च्या दशकात एका रहिवासी बाईंनी दार पिवळे रंगवले, तेव्हा नगरपरिषदेने ते पांढरे करण्याची नोटीस बजावली. बाईंनी अपील केले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. आपल्या रांगेतील रहिवाशांना एकत्र बसून काही ठरवायचे असेल, तर दर्शनी भिंतीची रेषा, खिडक्यांची उंची आणि छज्जांची पातळी एवढ्यापुरताच आग्रह धरावा. रंगावरून वाद घालू नये.