ब्रश बारा हजारांचा, आणि क्लीनिंग पुढच्या वर्षी?

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय: वय ४६, हातात येणारा पगार ३८,००० रुपये. आठ महिन्यांपासून दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय. डेंटिस्टने हिरड्यांच्या खालपर्यंत सफाई करायला सांगितली आहे, खर्च ६,०००. 'त्यापेक्षा १२,००० चा इलेक्ट्रिक ब्रश सहा हप्त्यांत घेऊ का? नो कॉस्ट ईएमआय आहे, वस्तू घरात राहील आणि क्लीनिंगचे पैसेही वाचतील.'

ताई, वस्तू घरात राहील हे खरं. क्लीनिंगचे पैसे मात्र वाचणार नाहीत, आणि तुमचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. दातांवरचा मऊ थर ब्रशने निघतो. तोच लाळेतल्या क्षारांमुळे कडक होऊन किटण बनला की कुठल्याच ब्रशला तो निघत नाही, मग ब्रश वीस रुपयांचा असो की बारा हजारांचा. हिरडीच्या आत दडलेल्या किटणापर्यंत तर ब्रशचे केस पोचतच नाहीत. तेव्हा ६,००० आधी, याच महिन्यात. आरोग्य विम्यातून हा खर्च सहसा मिळत नाही, तो खिशातूनच जाईल. पण वर्षभर थांबून दात हलायला लागला, तर बिल सहा हजारांवर थांबणार नाही.

रक्तातली साखरही तपासून घ्या. वाढलेली साखर आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना खतपाणी घालतात. मिश्री लावत असाल तर ती बंद करा. हे सांगणं माझ्या धंद्यात बसत नाही, पण त्याला एक पैसाही लागत नाही.

आता ब्रश. तो निव्वळ चोचला नाही. वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ५६ चाचण्या एकत्र तपासल्या. तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर साध्या ब्रशच्या तुलनेत दातांवरचा थर २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी दिसली. फायदा आहे, पण बेताचा. आणि त्या बेताच्या फायद्यासाठी मोजायचे पैसे हँडलपुरते नसतात, खरा खर्च हेडचा, म्हणजे हँडलवर बसणाऱ्या केसांच्या टोकाचा. दर तीन महिन्यांनी हेड बदलायचं. तुम्ही पाठवलेल्या मॉडेलचं एक हेड ८०० ला आहे. ब्रश चार वर्षं चालला आणि पहिलं हेड डब्यातच आलं, तरी पुढची १५ हेड म्हणजे १२,०००. एकूण २४,०००! तुम्ही लिहिलेलं दुसरं मॉडेल २,२०० चं, हेड २५० चं. त्याचा चार वर्षांचा हिशेब ५,९५०. साधा ब्रश ५० रुपयांचा धरला, तर १६ ब्रशचे ८००.

मी स्वतः एकदा स्वस्त हँडल बघून ब्रश घेतला होता. सहा महिन्यांत त्याची हेड बाजारातून गायब झाली. हँडल अजून ड्रॉवरमध्ये आहे, बायको अधूनमधून दाखवते. म्हणून आधी हेड मिळतात का आणि केवढ्याला, ते बघा.

महागड्या मॉडेलमध्ये जास्तीचं काय? ॲप, पाच-सहा मोड, प्रवासाची डबी. हिरड्यांना उपयोगाच्या गोष्टी दोनच: दोन मिनिटांचा टायमर आणि जोर जास्त झाला की इशारा देणारा सेन्सर. २,२०० च्या मॉडेलमध्ये या दोन्ही असल्याचं तुम्हीच लिहिलंय.

क्रेडिट कार्डावरच्या नो कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो, म्हणून ते दिसत नाही. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो. वर १९९ ची प्रोसेसिंग फी, जीएसटी धरून सुमारे २३५. रक्कम लहान आहे, पण दोन मिनिटं दात घासायला कर्ज कशाला?

आधी सफाई करून घ्या. मग महिनाभर साध्या मऊ ब्रशने, मोबाईलवर दोन मिनिटं लावून, दिवसातून दोनदा घासा. दातांच्या फटींसाठी डेंटिस्ट सांगतील तो छोटा ब्रश वापरा. तेवढं जमलं आणि तरी इलेक्ट्रिक हवासा वाटला, तर २,२०० चा रोखीने घ्या. मिस्टरांनाही वापरायचा असेल तर हँडल एकच पुरेल, हेड मात्र वेगळं. त्यांच्या हेडचे वर्षाला आणखी १,००० धरा.