‘एकदा तरी मुलगी समजून उत्तर लिहा’

चोपडा तालुक्यातून आलेलं पत्र. वय 26, घरी केळीची शेती, नोकरी पतसंस्थेत. ओळख पटेल असे तपशील काढून त्यातला काही भाग देते आहे.

“ताई, श्रावणात कानबाईच्या जागरणाला वहिनीने गमतीत माझ्या डोक्यावर पदर टाकला, नाकात चापाची नथ अडकवली. सगळे हसले, मीही हसलो. मग मोरीत जाऊन कडी लावली, तर नथ काढायला हातच उचलेना. नववीपासून चोरून साडी नेसतो. मग शरम वाटते, सगळं जाळून टाकतो, महिन्या-दोन महिन्यांनी परत आणतो. पण लहानपणी मी बाहुल्या खेळलो नाही, क्रिकेट खेळलो. ट्रॅक्टर चालवतो. मला मुलीच आवडतात. मग मी बाई कशी असेन? दिवाळीनंतर पारोळ्याला मुलगी बघायला जायचंय. वाटतं, लग्न झालं की हे जाईल. नाही गेलं तर तापी आहेच. यूट्यूबवर बघून हार्मोनच्या गोळ्या आणून ठेवल्यात, अजून घेतल्या नाहीत. हे सगळं खरं निघालं तर टोळीत जाऊन टाळ्या वाजवाव्या लागतील का? नाशिकची मोठी बहीण सोडली तर कोणाशी मोकळं बोलता येत नाही. एकदा तरी मुलगी समजून उत्तर लिहा.”

पोरी, तशीच लिहिते.

आधी तापीचं. ती ओळ तू जाता जाता लिहिलीस, पण माझं वाचन तिथेच अडलं. तो विचार पुन्हा आला तर कितीही वाजले असोत, 14416 ला फोन लाव. ‘टेली मानस’ ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं. आणि त्या वेळी खोलीत एकटी बसू नकोस. बहिणीला उठव. झोपमोड झाली म्हणून ती रागावणार नाही.

आता तुझा प्रश्न. तू स्वतःविरुद्ध खटला चालवते आहेस आणि पुरावे गोळा करते आहेस: क्रिकेट, ट्रॅक्टर, बाहुल्या नसणं. आपल्याकडे बायका पहाटे कापूस वेचायला जातात, केळीचे घड वाहतात, आता कितीतरी जणी ट्रॅक्टरही चालवतात. त्यांचं बाईपण कोणी तपासत नाही. काही ट्रान्स स्त्रियांना, म्हणजे जन्मल्यावर मुलगा ठरवलं गेलं पण स्वतःला बाईच मानतात अशांना, चौथ्या-पाचव्या वर्षी कळतं, काहींना चाळिशीत, लेकरंबाळं झाल्यावर. लहानपणाचा दाखला जोडावा लागत नाही.

मुली आवडतात, हेही आड येत नाही. आपण कोण आहोत ही एक गोष्ट, आपलं मन कोणावर जडतं ही दुसरी. बाईवर प्रेम करणाऱ्या बाया जगात आहेतच, त्यात ट्रान्स स्त्रियाही आहेत.

मला तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची जागा मोरीतली वाटली. बाहेर हसणारी माणसं, आत तू, आणि नथ काढवेना. त्या घडीला नेमकं काय वाटलं ते तू लिहिलं नाहीस. ते लिहून काढ. भीती होती, की बरं वाटत होतं? की पहिल्यांदाच आरशातलं माणूस ओळखीचं वाटलं? आपण बहुतेक वेळा दुखतं कुठे एवढंच शोधतो. निवांत कधी वाटतं, तेही शोध. तू ट्रान्स स्त्री आहेस की नाही, हे मी इथून सांगणार नाही. डॉक्टरही रक्त तपासून सांगू शकत नाही. ते तुलाच कळेल, आणि त्याला वेळ लागला तरी चालेल.

शोधायचं कसं? लहान गोष्टींपासून. मोबाइलमध्ये पासवर्ड लावून रोज चार ओळी लिही, ‘मी आज गेले, मी जेवले’ अशा. स्वतःसाठी एक नाव निवड, आवडलं नाही तर बदल. कामानिमित्त जळगावला जातेसच, तर फुले मार्केटमध्ये एखादी कुर्ती घे, ‘बहिणीसाठी’ म्हण. पार्सल मात्र घरी मागवू नकोस, वहिनीच्या हाती लागेल. आणि आता कपडे जाळू नकोस. शरमेचा झटका ओसरेपर्यंत पिशवी बंद करून ठेव. तो ओसरतो, हे तू इतक्या वर्षांत पाहिलेलंच आहेस.

त्या गोळ्या मात्र घेऊ नकोस. मेडिकलवर सहज मिळणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्यांतलं इस्ट्रोजेन जास्त मात्रेत घेतलं तर रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, बिडी-सिगारेट असेल तर आणखी. हार्मोन घ्यायचेच ठरलं तर ते एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरच्या, देखरेखीखाली, आधी रक्तदाब, यकृत, रक्ताच्या तपासण्या करून. काय बदलतं तेही आधी समजून घे. त्वचा मऊ होते, काही महिन्यांत स्तन वाढू लागतात आणि औषध थांबवलं तरी ते मागे जात नाहीत. आवाज बदलत नाही, दाढी जात नाही. मूल होण्याची क्षमता घटते, कधी कायमची, म्हणून वीर्य साठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना सुरुवातीलाच विचार. यातलं काहीच करायचं नाही असं ठरवणाऱ्या ट्रान्स स्त्रियाही असतात. त्यांचं बाईपण त्यामुळे कमी होत नाही.

त्याआधी कोणाशी तरी नीट बोल. जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथे गेलीस म्हणजे वेडी ठरलीस असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत ट्रान्स असणं मानसिक आजारांत मोडत नाही. कोणी डॉक्टर ‘तुला पुरुष करून दाखवतो’ म्हणाला तर उठून निघून ये. असल्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवलं आहे. बुवा-भगताकडे तर जाऊच नकोस.

टोळीबद्दल. तृतीयपंथीयांची गुरु-चेल्यांची परंपरा जुनी आहे. घरातून हाकललेल्या कितीजणींना तिथेच जेवण आणि माया मिळाली, तेव्हा टाळ्यांवरून त्यांना कमी लेखू नकोस. पण तिथे जाणं तुझ्यावर बंधनकारक नाही. नोकरी धरून ठेव, तीच तुझी ढाल आहे. आणि फक्त मुंबई-पुण्यातच हे शक्य आहे असं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यात बघ. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकला ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील या ट्रान्स स्त्रीचा अर्ज महिलांच्या जागेवरून बाद केला होता. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयाने महिला म्हणून लढू दिलं आणि जानेवारी 2021 मध्ये गावाने त्यांना निवडून दिलं. शमिभा पाटील, त्याही ट्रान्स स्त्री, 2024 ला रावेरमधून विधानसभेच्या उमेदवार होत्या. स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या निकालात मान्य केला आहे. कागदपत्रांचं पुढे बघता येईल. तेव्हा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा.

आता पारोळा. इथे मी कडक बोलणार आहे. लग्नाने हे जात नाही. नवेपणा असेपर्यंत दबतं आणि मग दुप्पट जोराने वर येतं, आणि तेव्हा घरात आणखी एक माणूस असतं. ती पोरगी बापाचं घर सोडून तुझ्या भरवशावर येईल. तुला मुली आवडतात, म्हणजे तू तिच्याशी प्रेमाने वागशीलही. पण तिला काही माहीत नसताना गळ्यात मंगळसूत्र घालायचा अधिकार तुला नाही. सगळं जाणून एखादी हो म्हणाली, तर ती गोष्ट वेगळी.

म्हणून बघायलाच जाऊ नको. एकदा पोहे खाल्ले की दोन्ही घरं अडकतात. ‘लोक काय म्हणतीन’ हे तर होणारच. आईला आज सगळं सांगायची गरज नाही. एवढंच म्हण, “मला या वर्षी लग्न करायचं नाही, कोणाला शब्द देऊ नका.” कारण विचारतील, रडतील, दादा आवाज चढवेल. तू तेच वाक्य पुन्हा म्हण. घर-शेती-नोकरी असली खोटी कारणं पुढे करू नको, त्यांना उत्तरं तयार असतात.

बहिणीला मात्र दिवाळीत भाऊबीजेला आली की सांग. गर्दीत नको, जेवणं झाल्यावर गच्चीवर ने. कानबाईच्या रात्रीपासून सुरुवात कर, ते तुला सांगता येतं, मला सांगितलंसच. ती गप्प बसली तर घाबरू नकोस, तिलाही पचायला दिवस लागतील. आईशी बोलायचं की नाही, कधी, कोणी, ते दोघींनी मिळून ठरवा.