ई-कॉमर्सच्या बीबीएसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न : मी सांगलीत नोकरीला आहे, वय ५१. बारावी कॉमर्स झालेल्या मुलीला पुण्यात खासगी कॉलेजात ई-कॉमर्स विषय घेऊन बीबीए करायचं आहे. फी वर्षाला २ लाख, राहणं-जेवण १ लाख १० हजार. निवृत्तीसाठीची १२ लाखांची एफडी मोडू का?

उत्तर : एफडीला हात लावू नका. व्याज सोडलं, तर तीन वर्षांनी तिच्यात पावणेतीन लाखही उरणार नाहीत. राहण्याचा खर्च पगारातून झेपत असेल, तर फीसाठी शैक्षणिक कर्ज काढा. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. ४ लाखांच्या वर मात्र ५ टक्के रक्कम आपली घालावी लागते. फी आणि लॅपटॉपचे ६ लाख ३० हजार धरले, तर कर्ज साधारण ६ लाख.

हप्ते शिक्षणानंतर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिला पैसा उचलल्या दिवसापासून चढतं. दरवर्षी २ लाख उचलले आणि दर १० टक्के धरला, तर सरळव्याजानेच चार वर्षांत १ लाख ८० हजार चढतात. मग सात वर्षांचा हप्ता सुमारे १२,९५० रुपये. तेच व्याज वेळच्या वेळी भरलंत (पहिल्या वर्षी महिना १,७००, तिसऱ्या वर्षापासून ५,०००), तर हप्ता सुमारे ९,९६०. काही बँका यासाठी दरातही सूट देतात, विचारून घ्या. व्याजावरची करवजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

आता कॉलेज. २०२४-२५ पासून बीबीए एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेच्या कक्षेत आलं आहे, तेव्हा आधी मान्यतापत्र पाहा. मागच्या बॅचचं सर्वात मोठं पॅकेज कुणीही सांगेल. तुम्ही पगारानुसार रांग लावली तर बरोबर मधे येणाऱ्या मुलाचा पगार विचारा. हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्शात बसायला हवा. म्हणजे व्याज वेळच्या वेळी भरूनही हातात ३० हजार येत नसतील, तर हे कॉलेज सोडा. ‘ई-कॉमर्स’ या नावाला मी जादा पैसे देणार नाही. अभ्यासक्रमात जीएसटी, एक्सेल, मालसाठा आणि जाहिरातखर्चाचा हिशेब नसेल, तर सांगलीतलं बीकॉम बरं. सोबत ४०-५० हजारांत हळद ऑनलाइन विकून पाहू दे, अन्नसुरक्षा नोंदणी आणि जीएसटीचे नियम आधी पाहून. कमिशन, कुरिअर आणि ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चं परत आलेलं पार्सल वजा केल्यावर पाकिटामागे काय उरतं, हे तिथे लगेच कळतं.

प्रवेश घेतलाच, तर प्रवेशाची अंतिम तारीख लेखी मागा. प्रवेश रद्द केला, तर फीचा परतावा किती मिळेल हे त्या तारखेवरून ठरतं. मूळ गुणपत्रिका मात्र कॉलेजकडे ठेवू नका. पडताळणी झाली की लगेच परत घ्या.